माळावरचं गवत आणि अहवालात न येणारं स्फुरद

माती परीक्षणाच्या अहवालात ‘उपलब्ध स्फुरद’ (म्हणजे फॉस्फरस) नावाचा एक रकाना असतो. कराडला मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे येणारे शेतकरी कागद हातात पडला की आधी त्याच रकान्यावर बोट ठेवतात, कारण डीएपी या स्फुरदाच्या खताच्या पोत्यांचा हिशेब तिथून सुरू होतो. ‘कमी’ असं छापलेलं दिसलं की माणूस इथून थेट खताच्या दुकानात जातो. या रकान्याबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. तो आकडा खरा असतो, पण जमिनीतल्या स्फुरदाचा एक भागच सांगतो. गवतं ज्याच्यावर मोठ्या प्रमाणात जगतात, तो सेंद्रिय भाग त्यात धरलेलाच नसतो. आणि गवतं म्हणजे नुसती कुसळी, पवना, मारवेल नव्हेत. ज्वारी, बाजरी, गहू, भात आणि आमच्या कृष्णाकाठचा ऊससुद्धा त्याच कुळातला.

तपासणी होते ती अशी. आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनींना ओल्सेन पद्धत लागू पडते. स्टर्लिंग ओल्सेन या अमेरिकन मृदाशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर ती १९५४ साली मांडली. २.५ ग्रॅम माती घ्यायची, त्यात ८.५ सामूचं (पीएच) सोडियम बायकार्बोनेटचं ५० मिली द्रावण घालायचं, अर्धा तास यंत्रावर हलवायचं आणि गाळायचं. गाळलेल्या द्रावणात मॉलिब्डेट घातलं की निळा रंग येतो. निळा जितका गडद, तितकं स्फुरद जास्त. पण हलवण्याआधी आम्ही त्यात थोडा शुद्ध कोळसा टाकतो. काळ्या रानाच्या मातीतून सेंद्रिय पदार्थांचा तपकिरी रंग उतरतो आणि तो निळ्यात मिसळला की यंत्राचं वाचन चुकतं, म्हणून कोळशाने तो शोषून घ्यायचा. शिवाय निळा रंग येतो तो सुट्या फॉस्फेटमुळे, म्हणजे स्फुरद-ऑक्सिजनच्या मोकळ्या संयुगामुळे. कार्बनच्या रेणूला बांधलेलं फॉस्फेट द्रावणात उतरलं तरी रंगात फारसं दिसत नाही. पद्धत तिच्या कामासाठी चोख आहे. पेरणीच्या वेळी पिकाच्या मुळाला लगेच काय मिळेल याचा अंदाज तिच्यातून चांगला येतो. वर्षभरात सुटून मिळणाऱ्या स्फुरदाबद्दल मात्र ती काही सांगत नाही.

माझं माहेर माण तालुक्यात. महादेवाच्या डोंगररांगेच्या उतरणीला आमचं थोडं कुरण आहे. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही धड पडला तर. मुरमाड, उथळ, पांढरट चुनखडीची जमीन. तिथली माती मी तपासली तेव्हा स्फुरद ‘कमी’ आलं, आणि तात्यांनी कागद बघून विचारलं, “आगं पोरी, ह्या माळाला बापजन्मात खताची मूठ पडली न्हाई. दरसाल आपण गवात कापून नेतोय. मग ते उगवतंय कशावर?”

मृदाशास्त्रात या प्रश्नाभोवती आजही काम चालू आहे, इतका तो नेमका प्रश्न आहे.

बहुतेक जमिनींत एकूण स्फुरदाच्या साधारण ३० ते ६५ टक्के स्फुरद सेंद्रिय रूपात असतं. मेलेल्या मुळांचं, पाल्याचं, शेणाचं, जिवाणूंच्या आणि बुरशीच्या शरीरांचं ते स्फुरद. पेशींच्या पडद्यातली फॉस्फोलिपिडं, डीएनए-आरएनए, आणि या सगळ्यांत चिवट असं फायटेट. सहा कार्बनचं एक कडं आणि त्यावर सहा फॉस्फेट, अशी फायटेटची रचना. बियांमध्ये साठवलेलं स्फुरद बहुतांशी हेच. त्याच्यावर इतका ऋणभार असतो की मातीत गेलं की चिकणमातीच्या कणांना, लोहाच्या नि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना आणि आपल्याकडे कॅल्शियमला ते घट्ट चिकटून बसतं. म्हणूनच पुष्कळ जमिनींत सेंद्रिय स्फुरदाचा मोठा वाटा फायटेटचा निघतो.

हे मोजायची एक साधी रीत सॉन्डर्स आणि विल्यम्स यांनी १९५५ मध्ये दिली. एकाच मातीचे दोन वाटे करायचे. एक भट्टीत ५५० अंशांवर तासभर जाळायचा, म्हणजे सेंद्रिय पदार्थ जळून त्यातलं फॉस्फेट सुटं होतं. दुसरा तसाच ठेवायचा. दोन्हीतलं स्फुरद आम्लाने काढायचं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे सेंद्रिय स्फुरद. तात्यांच्या कुरणाची माती मी अशी लावली. जाळलेल्या वाट्याची निळाई न जाळलेल्यापेक्षा नुसत्या नजरेलाही ठळक गडद दिसत होती. ‘कमी’ शेऱ्याच्या जमिनीत एवढा साठा आहे हे पुस्तकातून माहीत असणं वेगळं आणि आपल्या माळाच्या मातीत बघणं वेगळं. मी त्या परीक्षानळ्यांचा फोटो काढून तात्यांना पाठवला.

आता हा साठा गवताच्या मुळाला मिळतो कसा? मूळ सेंद्रिय रेणू आहे तसा आत घेत नाही, निदान मोजण्याजोग्या प्रमाणात नाही. ते घेतं सुटं फॉस्फेट. आणि मातीतल्या पाण्यात ते अत्यंत विरळ असतं, मुळाच्या पेशीत असतं त्याच्या शेकडो ते हजारपट कमी. त्यात फॉस्फेट जागचं हलत नाही. नायट्रेट पाण्याबरोबर वाहत मुळापर्यंत येतं, फॉस्फेट मात्र मुळाला जाऊन गाठावं लागतं. वाढतं मूळ आपल्या भोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा बघता बघता रिकामा करतं आणि पुढे उपाशी बसतं.

म्हणून मूळ बाहेर एन्झाइम सोडतं, फॉस्फटेज नावाचं. हे एन्झाइम सेंद्रिय रेणूपासून फॉस्फेटचा तुकडा तोडतं आणि तो सुटा तुकडा मूळ आत ओढतं. झाडाला स्फुरद कमी पडू लागलं की फॉस्फटेज सोडण्याचं प्रमाण वाढतं. याच्यावरचं एक काम मला फार मोलाचं वाटतं. तरफदार आणि युंक या दोघांनी १९८७ साली ते प्रसिद्ध केलं. तरफदार पुढे जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत होते, म्हणजे माणसारख्याच, किंबहुना त्याहून कोरड्या मुलखात. त्यांनी मुळालगतची माती अतिशय पातळ थरांत कापून प्रत्येक थर तपासला. मुळाच्या जवळ जाऊ तसं फॉस्फटेज वाढत गेलं आणि सेंद्रिय स्फुरद घटत गेलं. गव्हाच्या मुळालगत ही घट जास्तीत जास्त ८६ टक्क्यांपर्यंत गेली होती, आणि तिचा परिणाम मुळापासून दीड मिलिमीटरपर्यंत दिसत होता. क्लोव्हर या द्विदल चाऱ्यात घट ६५ टक्के होती. जे स्फुरद आमच्या अहवालात धरलं जात नाही, ते मुळाला अगदी लागून असलेल्या मातीत गव्हाने बहुतेक वापरलं होतं.

फायटेटपाशी मात्र गवत अडतं. ऑस्ट्रेलियात ॲलन रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्जंतुक माध्यमात गव्हाची रोपं वाढवली आणि स्फुरद म्हणून फक्त फायटेट दिलं. रोपं खुरटली. इतर सोप्या सेंद्रिय रूपांवर तीच रोपं बरी वाढत होती. माध्यमात ॲस्परजिलस बुरशीचं फायटेज एन्झाइम टाकलं तेव्हा फायटेटवरही ती नीट वाढली. पुढे त्यांनी चाऱ्याच्या पिकांवर असंच करून पाहिलं. निर्जंतुक माध्यमात फायटेटवर रखडलेली झाडं, मातीतले सूक्ष्मजीव सोबत दिल्यावर त्याच फायटेटवर वाढू लागली. मूळ साखर आणि आम्लं पाझरतं, त्यावर सूक्ष्मजीव वाढतात, ते फायटेट फोडतात. ते मेले किंवा त्यांना आदिजीव आणि सूत्रकृमींनी खाल्लं की त्यांच्या अंगातलं स्फुरद मुळाच्या दारातच सुटं होतं. माळाच्या एका ठोंबाखाली हे अखंड चालू असतं.

शिवाय मायकोरायझा. गवताच्या मुळात शिरून राहणारी ही बुरशी आपले तंतू मुळापासून काही सेंटिमीटर बाहेर पसरते. तंतू केसाहून कितीतरी बारीक, केशमुळं जिथे शिरू शकत नाहीत त्या फटींत ते शिरतात. बदल्यात गवत तिला आपल्या कमाईतला कार्बन देतं, कधीकधी पाचवा हिस्सासुद्धा. अमेरिकेत कॅन्ससच्या कुरणांवर झालेल्या अभ्यासात उष्ण हंगामात वाढणारी गवतं या बुरशीवर थंड हंगामातल्या गवतांपेक्षा जास्त अवलंबून आढळली. आपली कुसळी, मारवेल, ज्वारी, ऊस, सगळी याच उष्ण गटातली. नांगर फिरला की तंतूंचं हे जाळं तुटतं. कुरण मोडून दोन वर्षं काहीतरी पेरायचं आणि परत कुरण सोडायचं, असं करणाऱ्यांना मी म्हणूनच कळकळीने थांबवते. गवत परत येतं, पण जाळं जुळायला वेळ लागतो.

आमच्याकडे वळवाचा पहिला पाऊस पडला की दोन-चार दिवसांत माळ हिरवा दिसायला लागतो. एवढी घाई गवताला कशी जमते, याचं एक उत्तर स्फुरदात आहे. उन्हाळ्यात माती तापून, वाळून कोरडीठाक झालेली असते. त्यावर एकदम पाणी पडलं की तग धरून राहिलेल्या सूक्ष्मजीवांच्या पेशी फुटतात. कोरडी माती भिजल्यावर नत्र आणि कार्बनचा लोट सुटतो हे एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर १९५८ मध्ये दाखवलं होतं. स्फुरदाचं २००१ साली टर्नर आणि हेगार्थ यांनी ‘नेचर’मध्ये मांडलं. इंग्लंड-वेल्समधल्या कायम कुरणांच्या माती वाळवून परत भिजवल्या, तेव्हा पाण्यात उतरणारं स्फुरद वाढलं आणि त्यातलं बहुतेक सेंद्रिय होतं. तिथल्या ओल्या देशात माती वाळणं हा अपवाद. माणात तर दरवर्षी सहा-सात महिने ती वाळलेलीच असते. त्यामुळे वळवाच्या वेळी ज्या ठोंबाची मुळं जिवंत आणि जाग्यावर आहेत, त्यालाच त्या लोटाचा लाभ मिळतो. उघड्या, ठोंब मेलेल्या उतारावर तेच स्फुरद मातीबरोबर ओढ्याला जातं.

आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेला सगळं उलट आहे. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जांभ्याचे सडे, आणि तिथे स्फुरद कॅल्शियमऐवजी लोह-ॲल्युमिनियम धरून ठेवतं. २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या कासच्या पठारावर सीतेची आसवं आणि दवबिंदू ही कीटक पकडणारी झाडं इतकी का, तर मातीत नत्र-स्फुरद मिळण्याची मारामार. फुलं बघायला जाणाऱ्यांनी त्यांच्या शेजारचं बारीक गवतही बघावं. ते किडे न पकडता त्याच जांभ्यावर जगतं.

गवत स्वतः आपलं स्फुरद फार काटकसरीने वापरतं. पान पिवळं पडू लागलं की त्यातलं आरएनए आणि पडद्यातली लिपिडं मोडून फॉस्फेट ठोंबात आणि मुळात परत नेलं जातं. पडद्यांत फॉस्फोलिपिडांच्या जागी स्फुरद नसलेली लिपिडं बसवायचीही सोय त्याच्याकडे असते. तात्या गवत पुरतं पिकल्यावरच, कार्तिकाच्या अखेरीस कापतात. हिरवं कापलं तर जनावराला जास्त कस मिळतो हे खरं आहे, आणि दुभत्या गाईसाठी मीही हिरव्याच्या बाजूची आहे. पण उशिरा कापलेल्या पेंढीबरोबर रानाबाहेर जाणारं स्फुरद कमी असतं. पिकलेल्या वाळल्या गवताच्या टनामागे साधारण एक-दोन किलोच. तात्यांच्या प्रश्नाचा निम्मा उलगडा इथे होतो: माळ देतो थोडं आणि ठेवून घेतो जास्त.

आणि बी. शाळूच्या दाण्यातलं दोनतृतीयांशाहून जास्त स्फुरद फायटेटच्या रूपात असतं. दाणा भिजला, मोड आला की दाण्यातलंच फायटेज जागं होतं आणि कोंबाला फॉस्फेट पुरवतं. म्हणजे प्रत्येक गवताच्या आयुष्यातलं पहिलं जेवण सेंद्रिय स्फुरदाचंच असतं, आईने बांधून दिलेलं. कोंबडीच्या पोटात हे फायटेट नीट फुटत नाही, म्हणून खाद्यात फायटेज मिसळतात आणि तरीही कोंबडखतात ते बरंच उतरतं. गाय, म्हैस, मेंढीच्या पोटातले सूक्ष्मजीव ते चांगलं फोडतात. या जनावरांनी टाकलेलं स्फुरद जवळजवळ सगळं शेणालेंडीत असतं, मुतात अगदी थोडं. रानात मेंढरं बसवायची आपल्याकडची रीत स्फुरदाच्या दृष्टीने उत्तम आहे, कारण दिवसभर माळावर चरून गोळा केलेलं स्फुरद रात्री रानात पडतं. पण हिशेबाला दुसरी बाजू आहे. रानाला मिळालं ते माळाचं गेलं. मेंढरं रोज माळावर आणि रात्री कायम बागायतीत, असं वर्षानुवर्षं चाललं तर माळ हळूहळू रिता होत जातो. मेंढक्यांना मी विनवते की आठ-पंधरा रात्री तरी माळावरच वाडा टाका. आमच्याकडे दरसाल येणारे एक म्हातारबाबा म्हणाले, “ताई, माळाला बी भूक आस्ती हे आमाला ठावं हाय. पर माळ पैसं देत न्हाई.” त्यांचं म्हणणं रास्त आहे. यावर ग्रामपंचायतीने काही द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

वणव्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं. फाल्गुन-चैत्रात आमच्या डोंगरांना आगी लागतात आणि पुष्कळ लावल्या जातात, कारण जाळलं की गवत जोमाने येतं असा समज आहे. त्यात तथ्य आहे ते एवढंच: नत्र दोनशे अंशांच्या पुढे हवेत उडू लागतं, स्फुरदाला त्यासाठी साडेसातशेच्या वर तापमान लागतं, त्यामुळे गवताच्या आगीत ते बहुतेक राखेतच राहतं. सेंद्रिय रूपात होतं ते एका दुपारी सुटं होतं आणि नव्या कोंबाला ते लगेच मिळतं. पण ती राख उतारावर उघडी पडलेली असते. वैशाखातल्या वावटळी तिला नेतात, उरलेली वळवाच्या पाण्याबरोबर ओघळते. जी थांबते तिच्यातलं फॉस्फेट आमच्या चुनखडीत अडकतं. सेंद्रिय रूपात ते जून ते कार्तिक हळूहळू सुटत राहिलं असतं, मुळाच्या मागणीप्रमाणे. ज्या वरच्या थरात सूक्ष्मजीव सर्वात जास्त तोच थर भाजतो, आणि पाल्याचं पांघरूण गेल्याने पुढचे दोन महिने उन्हात उघडा राहतो. पहिल्या वर्षीची हिरवळ बघून लोक पुन्हा जाळतात. पाचव्या-सहाव्या वर्षी पवना आणि मारवेल विरळ होऊन कुसळी माजते, तेव्हा दोष पावसाला दिला जातो. आम्ही कुरणाच्या कडेने जाळपट्टा काढतो. हे काम दर माघात करावं लागतं आणि शेजाऱ्यांनीही केलं तरच उपयोग होतो.

हेच सगळं कृष्णाकाठी उसाच्या फडात चालतं. कराड, वाळवा, पलूस पट्ट्यात तोडणी झाली की रात्री पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, पेटलेलं दिसतं. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं आणि त्यात स्फुरद साधारण ०.२ टक्के धरतात, म्हणजे १६ ते २० किलो. डीएपीच्या ५० किलोच्या एका पोत्यात २३ किलो असतं. मग एका पोत्याहून कमी मालासाठी एवढी खटपट कशाला, असं मला नेहमी विचारतात. माझं उत्तर असं की आकडा लहान असला तरी रूप वेगळं आहे. डीएपीतलं फॉस्फेट आपल्या चुनखडीच्या जमिनीत काही आठवड्यांतच कॅल्शियमशी बांधलं जाऊ लागतं. पाचट कुजवणाऱ्या बुरशी-जिवाणूंच्या अंगात गेलेलं स्फुरद त्यातून वाचतं, आणि ते मेले की उसाच्या पांढऱ्या मुळांना मिळतं.

एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. पाचटात कार्बन भरपूर आणि स्फुरद थोडं. कुजवणारे जीव सुरुवातीला आपली भूक भागवायला जमिनीतलंच स्फुरद आणि नत्र ओढतात, आणि खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेला ऊस, काही आठवडे पिवळट दिसतो. म्हणून टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकायची शिफारस आहे. ते सुपर उसासाठी नाही, या जीवांसाठी आहे, असं समजून टाकावं. पाचटावर टाकून लगेच पाणी द्यावं, म्हणजे ते उघड्या मातीत अडकायच्या आधी त्यांच्या तोंडी लागतं.

ज्यांनी तीन-चार खोडव्यांत पाचट जाळलेलं नाही आणि ज्यांच्या बांधालगतच्या शेजाऱ्याने दरवर्षी जाळलं आहे, अशा जोडीच्या रानांची माती मला हवी आहे. खुंट्याजवळून नको, सरीच्या बगलेतून, ० ते १५ सेंटिमीटरची, खत घालायच्या आधी घेतलेली. सावलीत वाळवून कापडी पिशवीत आणा. ओल्सेनचा आकडा तर देईनच, सोबत भट्टीची दुहेरी चाचणीही करून देईन. तिचे पैसे घेणार नाही.